चौथ्या डब्यातल्या अळ्या

९ डिसेंबर. सकाळी एरंडीची पानं धुवायची होती. पान नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवायचं, सुती फडक्यानं कोरडं पुसायचं, देठाला ओला कापूस गुंडाळायचा आणि मग डब्यात ठेवायचं. पान ओलं राहिलं की अळीला हगवण लागते आणि दुसऱ्या दिवशी अख्खा डबा वाया जातो. घरी मेथी निवडताना मी एवढी काळजी घेत नाही.

चाळीसगावच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी आमच्या एम.एस्सी.च्या एका मुलीच्या प्रकल्पाची परीक्षा होती आणि परीक्षकांना सगळ्या वयाच्या जिवंत अळ्या दिसाव्यात म्हणून हा खटाटोप. परीक्षक पुण्याहून येणार होते. त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एक जागा निघाली होती. मुलीनं अर्ज केला होता, आणि त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "वेगळी मुलाखत घेणार नाही. काम बघून तिथेच काय ते सांगतो." म्हणजे तिची परीक्षाही उद्या आणि मुलाखतही उद्याच.

मुलगी इथल्याच तालुक्यातली, कापूस पिकवणाऱ्या घरातली. प्रकल्पासाठी अळीच हवी म्हणून ती माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं होतं, अळीच का? ती म्हणाली, "मॅडम, उंदीर मला मिळणार नाही, बेडूक कापायला परवानगी नाही. अळी मला वावरात पाहिजे तेवढी मिळेल." मला हे उत्तर आवडलं. आपल्याजवळ काय आहे हे ज्याला आधी दिसतं, त्याचं काम सहसा अडत नाही.

तिचा प्रश्न साधा होता. पानं खाणारी अळी अंड्यातून निघते तेव्हा दोऱ्याच्या तुकड्याएवढी असते. तीन-चार आठवड्यांत पाच-सहा वेळा कात टाकून ती करंगळीएवढी होते. या सगळ्या काळात तिच्या अंगातल्या स्नायूंची संख्या वाढत नाही. जे आहेत तेच लांब आणि जाड होत जातात. त्यांच्याकडे येणारे मज्जातंतूही तेच, पहिल्या दिवशी जोडलेले. आता एवढ्याशा स्नायूला पुरणारी जोडणी कित्येक पट मोठ्या स्नायूला कशी पुरते? पुरायला नको खरं तर. तंतूंचा हुकूम लुळा पडायला हवा, अळी मोठी होता होता जागच्या जागी बसायला हवी. पण ती तर उलट जास्त जोरात चालते आणि एका रात्रीत झाडाची चाळण करते. म्हणजे तंतू आपल्या टोकाशी काहीतरी भर घालत असणार. वाढत्या मुलाची विजार शिवताना शिंपी आधीच कापड दुमडून ठेवतो, तशी ही सोय जन्मापासून असते, की मूल वाढेल तसं नवं कापड जोडलं जातं? आणि जोडलं जात असेल तर कोणाच्या सांगण्यावरून?

मोठ्या प्रयोगशाळांमध्ये याची उत्तरं बऱ्यापैकी मिळालेली आहेत. मी तिला ते पहिल्याच दिवशी सांगितलं. नवीन काही शोधायचं नाही, पण जे आहे ते आपल्या हातानं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं. आमच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षांत हे कोणी बघितलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

हे बघणं नजरेचं आणि हाताचं काम आहे. बर्फात गार करून बधिर केलेली अळी मेणाच्या थाळीत पालथी ठेवायची, पाठीवर मधोमध उभा छेद द्यायचा आणि पुस्तक उघडावं तशी ती उघडून कडेनं टोचायची. त्यासाठी बारीक टाचण्या लागतात. आमच्याकडच्या टाचण्या गंजलेल्या आणि जाड होत्या. मुलीनं गावाकडच्या बांधावरच्या निवडुंगाचे काटे आणले. टोकदार, बारीक, गंजण्याचा प्रश्नच नाही. नंतर मी सगळ्या वर्गाला तेच वापरायला लावले. उघडलेल्या अळीवर निळा रंग घातला की थोड्या वेळानं फिकट स्नायूंवर तंतूंची टोकं उमटतात. दोऱ्यात मणी ओवावेत तशी. एकेक मणी म्हणजे तंतू आणि स्नायू यांच्या भेटीची एकेक जागा. पोटाच्या तिसऱ्या भागातला एक ठरावीक स्नायू निवडायचा आणि प्रत्येक वयाच्या अळीत त्याच स्नायूवरचे मणी मोजायचे. असं तिनं सप्टेंबरपासून केलं. मोजायच्या आधी प्रत्येक स्नायूचं चित्रही काढलं, मापासकट. चित्रं मी सांगितली नव्हती. "डोळा चुकला तर चित्रावरून कळेल" असं ती म्हणाली होती.

तर त्या सकाळी पानं धुऊन झाल्यावर मी तिची वही शेवटची तपासायला घेतली. तिनं पाच डबे पाळले होते, प्रत्येकात वेगळ्या दिवशी उबवलेली अळ्यांची तुकडी. आडव्या रेषेवर वयाचे दिवस आणि उभ्या रेषेवर मणी, असा आलेख होता. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या डब्यांचे ठिपके छान चढत गेले होते. चौथ्या डब्याचे ठिपके मध्येच बसले होते. अळ्यांचं वय इतर डब्यांइतकंच, पण मणी बरेच कमी.

"हे काय?" मी विचारलं.

"तसंच आलं, मॅडम."

"मोजताना चुकलीस."

"नाही. दोनदा मोजलंय. चित्रं आहेत."

"मग रंग नीट चढला नसेल. चार नंबर काढून टाक. चार डबे पुष्कळ झाले. उद्या ते पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतील."

तिनं वही आपल्याकडे ओढली. माझ्या विद्यार्थिनी गप्प बसल्या की मी ते होकारात धरते, वेळ वाचतो. पण ही म्हणाली, "काढणार नाही."

"का?"

"खोटं होईल ते."

"वगळणं म्हणजे खोटं नाही. सगळेच वगळतात."

"त्यांना कारण माहीत असतं म्हणून वगळतात. मला कारण माहीत नाही."

मला राग आला हे कबूल करते. जागा तिची जाणार होती, माझी नाही, आणि मी तिच्याच भल्याचं सांगत होते. मी म्हटलं, "ठीक आहे. संध्याकाळपर्यंत कारण शोध. नाही सापडलं तर काढायचं."

ती चौथ्या डब्याची पानं उलटायला लागली. वहीत रोजची नोंद होती: किती पानं, किती वेळा, कात कोणी टाकली. नोव्हेंबरमधले पाच दिवस तिच्या अक्षरात नव्हते. तेव्हा ती घरी गेली होती. कापूस वेचायला माणूस मिळत नव्हता आणि आईचा एकटीचा हात पुरत नव्हता. त्याच दिवसांत मीही पेपर तपासायला जळगावला गेले होते. डब्यांना खायला घालायचं काम आमच्या प्रयोगशाळेतल्या सेवकांकडे होतं. त्यांना सगळे नाना म्हणतात. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि दोन बिघे कोरडवाहू कापूस अजून स्वतः करतात. त्या पाच दिवसांत नानांनी वहीत रोज एकच शब्द लिहिला होता: दिलं.

मुलगी नानांकडे गेली. मीही मागोमाग गेले. नाना बाकावर बसून चहा पीत होते.

"नाना," ती अहिराणीत म्हणाली, "मी घर गयती तवय चार नंबरले किती पानं दिधात?"

"दिधात ना. लिखेल शे."

"किती?"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "एकेक."

"डब्याले एक?"

"हा."

डब्यात वीस अळ्या होत्या. रोजची आठ-दहा पानं लागायची.

"आणि बाकीच्या डब्यांना?" मी विचारलं.

"बाकीन्या बारीक व्हत्यात, मॅडम. त्यास्ले दिधं पुरं. पण ह्या चार नंबरन्या चांगल्या मोठ्या, धडधाकट. मागला साले मना कापसावर अशाच व्हत्यात. त्यास्नी मना कापूस खादा, त्यास्ले मी पोटभर खाऊ घालू का?"

"नाना, ह्या अळ्या काय तुमना वावरन्या शेतस का?"

"जात तर तीच शे ना. उपाशी नही मारं मी. पोटापुरतं दिधं. तुम्ही पोसतस, आम्ही मारतस, मी मधलं करं."

मुलगी हसली. मी हसले नाही, पण हसू दाबायला वेळ लागला. सत्तावीस वर्षांत प्रयोग बिघडण्याची मी पुष्कळ कारणं ऐकली आहेत. वीज गेली, उंदीर शिरला, बाटली फुटली. शेतकऱ्यानं मागच्या वर्षीचा हिशेब अळीकडून वसूल केला, हे पहिल्यांदाच.

मी मुलीला म्हटलं, "झालं. कारण सापडलं. आता चौथा डबा वगळायला तुला हरकत नाही. खाद्य कमी पडलं असं लिहायचं आणि पुढे जायचं."

तिनं मान हलवली, पण हो म्हणून नाही. ती परत टेबलाशी गेली, चित्रांचा गठ्ठा काढला आणि पट्टी घेतली. दुपारी ती जेवायलाही उठली नाही. मी माझी कामं उरकली: फळा पुसून घेतला, बर्फ सांगून ठेवला, परीक्षकांच्या जेवणाला भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या सांगितल्या. पुण्याच्या माणसाला डिसेंबरात चाळीसगावला बोलावून फुलकोबी खाऊ घालणं मला पटत नाही.

साडेपाचच्या सुमारास तिनं मला बोलावलं. टेबलावर नवीन आलेख होता. उभ्या रेषेवर तेच मणी. आडव्या रेषेवर मात्र दिवस नव्हते, स्नायूचं क्षेत्रफळ होतं. चित्रांवरून मोजलेलं. पाची डब्यांचे ठिपके एकाच पट्ट्यात पडले होते. चौथ्या डब्याचे कुठले, हे शोधायला मला तिची खूण बघावी लागली.

अर्थ उघड होता. चौथ्या डब्यातल्या अळ्यांना खायला मिळालं नाही, स्नायू वाढले नाहीत, म्हणून तंतूंनीही मणी वाढवले नाहीत. तंतू दिवस मोजत नव्हते. स्नायू जेवढा होईल तेवढीच भर घालत होते. सांगणारा कोण, हा तिचा जो शेवटचा प्रश्न होता, त्याचं बोट स्नायूकडे जात होतं. आणि हे फक्त नानांच्या अळ्यांवरून दिसत होतं. चांगल्या जेवलेल्या चार डब्यांत वय आणि आकार बरोबरच वाढत होते, त्यांना एकमेकांपासून वेगळं करताच आलं नसतं. मी तिला जे फेकायला सांगत होते, त्यातच उत्तर होतं.

मी म्हटलं, "बरं आहे." माझ्या तोंडून यापेक्षा जास्त काही निघत नाही, विद्यार्थ्यांना माहीत आहे. पण घरी जाताना मी रिक्षा केली नाही, स्टेशनापर्यंत चालत गेले. मला चालावंसं वाटलं.

आता उरला उद्याचा प्रश्न. परीक्षक विचारणार, पाच दिवस खाद्य कमी का पडलं? मी तिला निघण्यापूर्वीच म्हटलं होतं, "नानांचं नाव सांग. तुझी चूक नव्हती."

"अळ्या माझ्या होत्या, मॅडम. मी गेले होते."

"कापूस वेचायला गेले असं सांगशील? त्यांना वाटेल, दोन वर्षांतही ही दर हंगामाला घरी पळेल."

"मग वाटू दे. खरं तेच आहे."

दुसऱ्या दिवशी परीक्षक साडेदहाला आले. उंच, कमी बोलणारे, चष्मा सारखा कपाळावर ढकलणारे. जिवंत अळ्या त्यांनी पाच मिनिटं बघितल्या. मग तिनं त्यांच्यासमोर एक अळी उघडली, निवडुंगाच्या काट्यांनी टोचली आणि रंग घातला. ते भिंगातून बघत राहिले. काट्याला बोट लावून म्हणाले, "हे कुठून आणलेत?"

"बांधावरून, सर."

मग आलेख. त्यांनी पहिला बघितला, दुसरा बघितला आणि पुन्हा पहिल्यावर आले. "चौथी तुकडी. पाच दिवस रोज एकच पान. हे ठरवून केलं होतं?"

"नाही, सर. मी घरी गेले होते. कापसाची वेचणी होती. मागे नीट व्यवस्था करून गेले नाही."

दाराशी नाना बर्फाची बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली. मुलीनं तिकडे बघितलं नाही.

"म्हणजे अपघात."

"हो."

"मग तुमचं म्हणणं, स्नायू वाढला नाही म्हणून जोडणी वाढली नाही. पण मी म्हणेन, उपासमारीनं तंतूच बिघडले. कसं ओळखणार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि सुचायला हवा होता. मुलगी मात्र वहीचं मागचं पान काढत होती.

"चौथ्या डब्यातल्या सहा अळ्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या, सर. परत आल्यावर त्या फार लहान वाटल्या, का ते तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना भरपूर खायला दिलं. त्या आठवडाभर उशिरा मोठ्या झाल्या. त्यांचीही चित्रं आहेत. स्नायू पूर्ण वाढला तेव्हा मणीही इतर डब्यांएवढेच झाले. बिघडले असते तर झाले नसते."

"हे ठिपके आलेखात का नाहीत?"

"आहेत, सर. पोकळ गोल आहेत ते. त्याच पट्ट्यात आहेत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पोकळ गोल मलाही आदल्या संध्याकाळी दिसले होते, पण ते काय आहेत हे मी विचारलं नव्हतं. बाहेर मालगाडी गेली, ती संपेपर्यंत ते एकेक गोल बोटानं टिपत होते.

"सहाच अळ्या. फार थोड्या आहेत," ते म्हणाले.

"हो, सर. थोड्या आहेत."

"ते लिहिलंत?"

"शेवटच्या ओळीत."

त्यांनी शेवटची ओळ वाचली. मग वही मिटून विचारलं, "वेचणी कधी संपते तुमच्याकडे?"

"जानेवारीत, सर. पण या वर्षी आई म्हणते पुष्कळ झालं, उपटून हरभरा घेऊ."

"मग जानेवारीच्या पहिल्या सोमवारी या. पुढे कधी घरी गेलात तर कोणाच्या ताब्यात काय देताय ते लेखी देऊन जा, एवढंच. आणि ते काटे घेऊन या. आमच्या टाचण्या परदेशातून येतात, त्याही गंजतात."

ती "हो, सर" म्हणाली. एवढंच. बाहेर जाऊन तिनं आईला फोन केला तेव्हा आवाज प्रयोगशाळेपर्यंत आला, पण तो मी ऐकला नाही असं धरूया.

जेवताना परीक्षकांनी भरीत दोनदा मागून घेतलं. मला म्हणाले, "मुलगी चांगली तयार केलीत." मी म्हटलं, "मी तिला तो डबा फेकायला सांगितला होता." ते हसले. त्यांना वाटलं मी विनय करते आहे. मी विनय करत नव्हते, म्हणून पुन्हा सांगितलं. मग त्यांनी हसणं थांबवलं आणि म्हणाले, "मीही सांगितलं असतं बहुतेक."

नाना संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, पोरनी मनं नाव नही सांगं."

"नाही सांगितलं."

"सांगाले पाहिजे व्हतं. अळी मी उपाशी ठेयी."

"नाना, तुम्ही उपाशी ठेवल्या म्हणून तिचं काम झालं."

त्यांनी थोडा विचार केला. "मग पुढला साले बी ठेऊ का?"

"पुढला साले मी सांगीन तेवढंच पान द्यायचं. मोजून."

ते मान डोलावून गेले. हे त्यांना कितपत पटलं, सांगता येत नाही.

११ डिसेंबरला मी सातला कॉलेजात पोचले. आमच्या विभागाची प्रात्यक्षिकाची पुस्तिका मीच लिहिलेली आहे, कित्येक वर्षांपूर्वी, आणि तिच्या तिसऱ्या पानावर एक सूचना आहे: इतरांशी न जुळणारी मोजमापं वगळून आलेख काढावा. कपाटात चौतीस प्रती होत्या. मी पट्टी आणि काळं पेन घेऊन प्रत्येक प्रतीतली ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "न जुळणारी मोजमापं ठेवावीत, वेगळ्या खुणेनं दाखवावीत आणि कारण शोधावं." याला अर्धा तास लागला. पावणेआठला दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. हजेरी घेऊन मी प्रती वाटल्या, तिसरं पान उघडायला लावलं आणि ती ओळ का बदलली ते त्यांना सांगितलं. तो डबा फेकायला कोणी सांगितलं होतं, हेही सांगितलं.